पंच्याऐंशी दिवस

“अमेरिकेत पदवी झाली की कामाला बारा महिने मिळतात,” खिडकीच्या जाळीआडून प्रभुलिंग बुगटे सांगत होते. “त्याला ओपीटी म्हणायचं. पण काम आपल्या विषयातलंच पायजे. हाटेलात भांडी घासून चालत न्हाय. तुझा विषय कुठला?”

“इलेक्ट्रॉनिक्स,” पलीकडची मुलगी म्हणाली. शाहूवाडीकडची होती. ट्रान्सक्रिप्टचा अर्ज तिने दोन्ही हातांत धरला होता, वाऱ्याने उडेल असा.

“मग आणखी चोवीस महिने वाढवून मिळतील. म्हंजे झाली तीन वर्षं. फक्त एक ध्यानात ठेव. पहिल्या वर्षात नव्वद दिवसांच्या वर बिनकामाचं बसायचं न्हाय. सलग नव्वद नव्हं, सगळे मिळून. एक्क्याण्णववा दिवस उजाडला की खेळ खलास.”

मुलीने अर्जाच्या पाठीमागे ‘९०’ लिहून त्याभोवती गोल काढला.

“आणि तीन वर्षांनंतर, सर?”

“मग एच-वन, कामाचा व्हिसा. त्याची लॉटरी असती. कंपनी तुझं नाव घालती, मार्चात नंबर लागतो. दोन-तीन चान्स मिळतात, त्यात कधीतरी लागतोच.”

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढलेल्या या कारकुनाला ही माहिती कुणी विचारली नव्हती आणि त्याच्या कामाचा तो भागही नव्हता. गुणपत्रकांवरून ट्रान्सक्रिप्ट तयार करायचं, सही घ्यायची, पाकिटाच्या चिकटवलेल्या तोंडावर अर्धा इकडे अर्धा तिकडे येईल असा शिक्का मारायचा, एवढंच त्याचं काम. पण हजारो पाकिटं हातावेगळी केल्यावर त्यांना टेक्सास, ओहायो, इलिनॉय इथल्या विद्यापीठांचे पत्ते पिनकोडासकट पाठ झाले होते. स्वतः ते विमानात कधी बसले नव्हते. पाच वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या मुलीच्या, रक्षिताच्या पाकिटावर शिक्का मारला. त्या दिवसापासून पाकीट पोचल्यावर पुढे काय होतं, हेही त्यांनी वाचून काढलं. सरकारी नियम त्यांना गोड लागायचे. नियम वाचला की माणसाची वाट चुकत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. सागरमाळावरच्या त्यांच्या गल्लीत, नात्यात, अगदी गडहिंग्लजपर्यंत, कुणाचं पोर परदेशी निघालं की पहिला फोन बुगट्यांना यायचा.

शर्टाच्या खिशात फोन थरथरला. रक्षिता. घड्याळात साडेअकरा, म्हणजे कॅन्ससमध्ये रात्रीचा एक. मार्चचा शेवटचा आठवडा होता. त्यांनी मुलीला हातानेच थांब म्हटलं आणि कपाटांच्या मागे गेले.

“अप्पा,” रक्षिता म्हणाली. “नाही लागलं.”

“याद्या टप्प्याटप्प्यानं येतात गं. अजून...”

“वकिलाचा मेल आला. कंपनीतली नऊ नावं होती, तिघांची लागली. माझं नाही. निवड पूर्ण झाली म्हणून लिहिलंय.”

हा तिसरा मार्च होता. पहिल्या मार्चला तिने रडून फोन केला होता, दुसऱ्याला हसून. आज तिचा आवाज दुकानात सामान शिल्लक नाही सांगणाऱ्या माणसासारखा होता.

“दहा जुलैपर्यंत मुदत हाय,” प्रभुलिंग म्हणाले. “त्याच्यावर साठ दिवस. बघू आपण. तू झोप आता. जेवलीस का?”

“जेवले.”

ते परत खिडकीशी आले. मुलगी तशीच उभी होती. तिने वाकून विचारलं, “आणि सर, लॉटरी लागलीच न्हाय तर?”

प्रभुलिंगनी तिचा अर्ज ओढून घेतला, पावती फाडून दिली. “आठ दिवसांनी या,” ते म्हणाले. “पुढचं कोण हाय?”

*

त्या रविवारी त्यांनी फुलस्केप कागद घेतला, पट्टीने समास आखला आणि पर्याय लिहायला बसले. स्वयंपाकघरात महादेवी शेंगाची चटणी कुटत होती. ती संकेश्वरकडची; लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी तिच्या बोलण्यात कानडी डोकवायचंच.

पहिला पर्याय : पुन्हा एखाद्या कॉलेजात नाव घालणं. काही कॉलेजं पहिल्या दिवसापासून नोकरीची परवानगी देतात. धोका आहे, पण लोक करतात. दुसरा : कॅनडा. तिसरा : कंपनीने दुसऱ्या देशातल्या शाखेत पाठवणं आणि वर्षाने परत बोलावणं. रक्षिताच्या कंपनीला दुसऱ्या देशात शाखा नव्हती, तरी त्यांनी तो लिहिला. चौथ्या आकड्यापुढे त्यांनी थोडा वेळ पेन धरून ठेवलं, मग लिहिलं : विवाह.

सकाळी आठला रक्षिताचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी पहिले तीन पर्याय वाचून दाखवले. ती ऐकत होती. गालाखाली हात होता आणि मागे पांढरी भिंत.

“अप्पा, मी परत येऊ का?”

“परत येणं काय, कवाबी येता येतं,” प्रभुलिंग म्हणाले. “ते पर्यायात धरत नसतात. आधी सगळे रस्ते बघायचे.”

“दमले हो मी.”

“कामाचा ताण असणारच. दुसरं एमएस केलंस तर दोन वर्षं मिळतात. दोन वर्षांत दोन लॉटऱ्या.”

महादेवी हात पुसत फोनपुढे आली. “दमलीस काय गं, कूसू, बाळा?” तिने विचारलं. रक्षिता आईकडे बघून नुसती हसली. प्रभुलिंगनी पहिल्या पर्यायाखाली रेघ मारली.

चौथ्या पर्यायाचं त्यांनी रक्षिताला आठवड्याने सांगितलं. मठातल्या रुद्रय्या स्वामींनी जयसिंगपूरचं स्थळ सुचवलं होतं. तंबाखूचे व्यापारी मल्लाप्पा शेटे, त्यांचा सोमेश. चौतीस वर्षांचा, डॅलसला. एच-वन आठ वर्षांपासून, ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर. त्याच्याशी लग्न केलं तर रक्षिताला त्याच्या नावावर राहता येणार होतं, आणि मागाहून नोकरीचीही परवानगी मिळणार होती. प्रभुलिंगनी नियम दोनदा वाचून खात्री केली. मुलगा लिंगायत, शिकलेला, निर्व्यसनी. इतके सगळे रकाने एका जागी भरलेले त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

“एकदा बोल त्याच्याशी,” ते फोनवर म्हणाले. “जबरदस्ती न्हाय.”

“बोलते,” रक्षिता म्हणाली. तिने दोनदा बोलून घेतलं. कसा वाटला विचारल्यावर म्हणाली, “व्यवस्थित आहे.” व्यवस्थित हा शब्द प्रभुलिंगना पुरला.

कचेरीत त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या हंबीररावांना बातमी दिली. हंबीरराव मोजणीखात्यातून इकडे आलेले, आडदांड आणि मनात येईल ते बोलणारे. त्यांनी चहा बशीत ओतला.

“म्हंजी पोरगीचं लगीन लावताय का मुदतवाढ घेताय?”

“दोन्ही एकदमच होतंय तर काय वाईट हाय?”

“वाईट न्हाय. मी आपलं इचारलं.” हंबीररावांनी फुर्रकन बशी संपवली. “ती लिंडा का कोण हाय न्हवं, भोपळ्याचा ब्रेड आणनारी, तिला इचारा म्हनावं. बाया बरोबर सांगतात.”

लिंडा सगळ्या परीक्षा विभागाला माहीत होती. रक्षिता नोकरीला लागली त्या पहिल्या पावसाळ्यात प्रभुलिंग रोज सकाळी फोनवर विचारायचे, आज हापिसात काय केलं, आणि ती सांगायची. शेजारच्या टेबलावर लिंडा नावाच्या साठीच्या बाई बसतात, घरून भोपळ्याचा ब्रेड करून आणतात, मला पाण्याची बाटली भरून देतात. त्या गोष्टी प्रभुलिंग अकराच्या चहाला जशाच्या तशा सांगत. अमेरिकेतल्या म्हातारीने आपल्या पोरीला भाकरतुकडा द्यावा, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

*

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी दोघं एसटीने जयसिंगपूरला गेली. शेट्यांचं घर दुमजली, खाली तंबाखूचा उग्र वास, वर थंडगार फरशी. मल्लाप्पा मितभाषी होते. बोलणं सगळं त्यांच्या थोरल्या बहिणीकडे होतं. तिला घरात आक्का म्हणत. कपाळाला विभूती, दंडात जुन्या घडणीच्या वाक्या, समोर अडकित्ता.

पोहे आले, चहा आला. मुलगी दिसायला कशी, स्वयंपाक येतो का, असलं आक्कांनी काही विचारलं नाही.

“तारीख कवाची हाय तिची?” त्यांनी विचारलं.

प्रभुलिंगना प्रश्न आवडला. इथं माणसं मुद्द्याचं बोलत होती. “दहा जुलै. तिथून पुढं साठ दिवस राहायला मिळतात. म्हंजे आठ सप्टेंबर.”

आक्कांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. “म्हंजी गनपती बोळवायच्या वक्ताला.”

“हां. पण अर्ज त्याच्या आधी जायला पायजे.”

“म्हंजी घाई तुमाला हाय. आमाला न्हाय.” आक्कांनी सुपारी कातरली. हे त्या भांडायच्या सुरात म्हणाल्या नाहीत, बाजारभाव सांगावा तसं म्हणाल्या. “जूनमंदी तिकडंच कोर्टात सह्या करू द्यात दोघास्नी. हितला समारंभ मागनं, आमच्या सवडीनं. आनी एक. कागद आमच्या पोराच्या नावावर ऱ्हानार. तवा पोरीनं त्येच्या कलानं घ्यायला पायजे. आत्ताच बोलल्यालं बरं.”

महादेवीने प्रभुलिंगकडे पाहिलं. ते पोह्यातला शेंगदाणा बाजूला करत होते.

मग मल्लाप्पांनी मुलाला फोन लावला. सोमेश पडद्यावर आला. नीट भांग, चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. वाकून नमस्कार केला. बोलणं मऊ, अदबीचं.

“काका, रक्षिता हुशार आहे. मला काही अडचण नाही. फक्त दोन गोष्टी स्पष्ट करतो. नोकरीची परवानगी यायला आठ महिने, वर्ष कितीही लागतं. तोवर तिला घरी बसावं लागेल. मला वाटतं बरंच आहे ते, तिलाही संसाराची सवय होईल.”

“हां,” प्रभुलिंग म्हणाले.

“आणि दुसरं, माझं ग्रीन कार्डाचं प्रकरण चालू आहे, तर मला तिचे कागद स्वच्छ लागतील. मी तिला विचारलं, बेकारीचे दिवस किती वापरलेस. पंच्याऐंशी म्हणाली. नव्वदच्या आत आहे, गुन्हा नाही तो. पण वकिलाला दाखवायला त्या काळातला पुरावा लागेल. कुठं अर्ज केले, कुठं राहिली. तुमच्याकडे काही पत्रं, मेल असतील ना?”

पंखा फिरत होता. प्रभुलिंगना वाटलं, हा दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल बोलतोय. रक्षिताचा एकही दिवस वाया गेला नव्हता. मुदत अकरा जुलैला सुरू झाली आणि त्याच आठवड्यात ती नोकरीला लागली, हे त्यांनी स्वतः घरातल्या कॅलेंडरवर लिहिलं होतं.

“कुठले पंच्याऐंशी?” हे त्यांच्या ओठापर्यंत आलं होतं. आक्का त्यांच्याकडे बघत होत्या, अडकित्ता उघडा.

“असतील,” प्रभुलिंग म्हणाले. “घरी फायलीत असतील. बघतो मी.”

“बघा हां काका. घाई नाही.”

फोन बंद झाल्यावर मल्लाप्पा पहिल्यांदाच बोलले, “मग कसं ठरवायचं?”

“मुलीला विचारून कळवतो.”

“आता इचारायचं काय ऱ्हायलंय त्यात?” आक्का म्हणाल्या. “तिची तारीख संपत आलीया.”

प्रभुलिंग उठले. त्यांनी पायांत चप्पल सरकवली. “तारीख कागदाची हाय, आक्का,” ते म्हणाले. “पोरीची न्हाय.”

एवढं बोलून ते जिना उतरले.

*

हातकणंगले मागे पडलं. एसटीच्या खिडकीची काच सैल होती आणि सारखी खडखडत होती. प्रभुलिंगनी ती हाताने दाबून धरली होती.

“पंच्याऐंशी म्हणतोय तो,” ते शेवटी म्हणाले. “ऐकलंस न्हवं?”

“मला ठावं हुतं,” महादेवी म्हणाली.

त्यांनी काच सोडली.

“तवाच सांगितलं हुतं तिनं. तुम्ही हापिसात गेला की फोन करायची. मला म्हनाली, अव्वा, अप्पास्नी सांगू नको. सांगितलं तर ते रोज सकाळी दिवस मोजून दावतील. आज एकसष्ट झाले, आज बासष्ट झाले. मला ते ऐकवायचं न्हाय म्हनाली. म्हनून मी बोललो न्हाय.”

“मी मोजलं असतं व्हय?”

महादेवी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाहेर बघत राहिली. शिरोलीचे कारखाने आले, पंचगंगेचा पूल आला. पूल ओलांडेपर्यंत प्रभुलिंगना स्वतःच उत्तर मिळालं होतं. मोजलं असतं. कॅलेंडरवर खुणा केल्या असत्या. वर तिला म्हणाले असते, हे तुझ्या चांगल्यासाठीच आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवार. त्यांनी सकाळी साडेसातला गच्चीवर जाऊन फोन लावला. कॅन्ससमध्ये रविवारची रात्र होती. व्हिडिओ लावला नाही.

“जयसिंगपूरला कळलं मला,” ते म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“रागवलाय?”

“न्हाय. पंच्याऐंशी दिवस काय केलंस तू?”

“लायब्ररीत जायचे,” रक्षिता म्हणाली. “गावातली, सगळ्यांसाठी असते ती. नऊला उघडायची. खोलीत बसलं की रूममेट्स कामावर जाताना बघाव्या लागायच्या, म्हणून त्यांच्या आधी बाहेर पडायचे. रोज पंधरा-वीस अर्ज. रात्री आठला बंद झाली की घरी. तुमचा फोन यायचा तेव्हा मी म्हणायचे, आत्ताच ऑफिसातून आले. खोटं नव्हतं अगदीच. कपडे तेच घालायचे.”

“मग काम?”

“पंच्याऐंशीव्या दिवशी एका नदीच्या संस्थेनं घेतलं, पाण्याच्या नमुन्यांच्या नोंदी करायला. बिनपगारी, आठवड्याला वीस तास. बिनपगारी काम केलं तरी मोजणी थांबते, तुम्हाला माहितेय.”

“माहीत हाय.”

“आत्ताची नोकरी डिसेंबरात लागली.”

प्रभुलिंगनी गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकलं. खालून दूधवाला गेला. त्यांना एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायची त्यांना लाज वाटत होती.

“ती लिंडा?”

“लिंडा लायब्ररीत होत्या, अप्पा. तिथं काम करायच्या. मी रोज एकाच टेबलावर बसते बघून एक दिवस ब्रेड आणून ठेवला. खरंच भोपळ्याचा होता. मी फक्त त्यांना ऑफिसात बसवलं.”

ती हसायला गेली आणि तिचा आवाज मध्येच फाटला. दोन वर्षांनी पहिल्यांदाच ती बापाजवळ रडत होती. प्रभुलिंगना त्यावर कुठलाच नियम आठवला नाही. ते नुसते “असू दे, असू दे” म्हणत राहिले, लहानपणी ताप आल्यावर म्हणायचे तसं.

ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, “त्या सोमेशला काय सांगायचं?”

“मी त्याला शुक्रवारीच नाही म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला, आधी मोठ्यांना बोलू द्या.”

शुक्रवारी. म्हणजे काल त्या थंड फरशीवर ती दोघं पोहे खात होती तेव्हा नकार देऊन झालेला होता आणि मुलगा अदबीने कागद मागत होता.

“आम्हाला का न्हाय सांगितलंस?”

“तुम्ही बसचं तिकीट काढलं होतंत. खूश होता तुम्ही. मला म्हणालात, सगळे रकाने भरलेत.”

प्रभुलिंग म्हणाले, “बाळ, तू ये. त्या कॉलेजाचं नको. तुला पायजे असलं तर कर, माझ्यासाठी नको. जुलैपर्यंतचं काम पुरं कर आणि ये.”

“लोक विचारतील.”

“विचारू देत.”

हे त्यांनी म्हटलं खरं. पण फोन ठेवल्यावर ते गच्चीवरच थांबले. एकतीस वर्षं त्यांच्या खिडकीतून माणसं फक्त जात होती. परत आलेल्याला काय म्हणायचं, कुठल्या चेहऱ्याने घरात घ्यायचं, हे त्यांनी कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

*

रक्षिता ऑगस्टच्या पंचवीस तारखेला आली, गणपतीच्या आदल्या आदल्या दिवशी. मुंबईहून रेल्वेने. स्टेशनावर दोन मोठ्या बॅगा, पाठीला एक, आणि मधे ती, प्रभुलिंगना वाटलं होतं त्याहून बारीक. तिने वाकून दोघांच्या पायांना हात लावला. महादेवीने तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. 

घरी आल्यावर ती झोपली. नुसतं झोपणं नव्हे. दोन दिवस ती जेवणापुरती उठली आणि पुन्हा आडवी झाली. गल्लीत मंडळाचा मांडव पडला होता. स्पीकरची चाचणी सुरू झाली तेव्हा प्रभुलिंग पायांत चप्पल न घालताच बाहेर गेले आणि मंडळाच्या पोरांना म्हणाले, दुपारपुरतं तोंड तिकडं फिरवा बाबांनो, घरात माणूस झोपलंय. पोरांनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी ती उठून अंगणात बसली. प्रभुलिंग शेजारी येऊन बसले. शेवटचे दिवस कसे गेले, असं त्यांनी विचारलं. ती सांगू लागली. तीन हजार वस्तीचं एक गाव होतं. तिथं जुन्या पाइपांतून पिण्याच्या पाण्यात शिसं मिसळायचं, म्हणून सगळी लाइन नवी करायची होती. दोन वर्षं ती त्याच कामावर होती. टाकी कुठं, दाब किती, कुठल्या गल्लीत कुठला व्हॉल्व्ह, सगळं तिने बसवलं होतं. दहा जुलैला संध्याकाळपर्यंत बसून तिने चाळीस पानांची टिपणं लिहिली आणि दुसऱ्याच्या हवाली केली.

“पाणी कधी सुरू होणार तिथं?”

“पुढच्या वसंतात.”

“कळवतील न्हवं तुला?”

“कळवतील,” रक्षिता म्हणाली. “किंवा विसरतील.”

पुण्यातल्या दोन कंपन्यांना तिने अर्ज केले होते. एकीने विचारलं होतं की परत का आलात. तिने खरं लिहून पाठवलं. अजून उत्तर नव्हतं. दुसरीचा पगार सांगताना तिने आवाज खाली केला.

कचेरीत प्रभुलिंगनी तीन दिवस काही सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी अकराच्या चहाला, पाच-सहा माणसं भोवती असताना, हंबीरराव म्हणाले, “पोरगी आली म्हनं. सनाला? कवा जानार परत?”

रजा आहे म्हणता आलं असतं. कंपनीने इकडं पाठवलंय म्हणता आलं असतं; पाठवतात तसं, नियम आहेत. कपातला चहा त्यांनी संपवला.

“जाणार न्हाय. तीनदा लॉटरीत नाव घातलं, लागलं न्हाय. मुदत संपली, आली.”

 एकाने खिशातला फोन काढून पाहिला. हंबीरराव मान हलवत राहिले, मग त्यांनी आपल्या बशीतला चहा प्रभुलिंगच्या रिकाम्या कपात ओतला.

“खरी व्हती का ती लिंडा?” त्यांनी विचारलं.

“व्हय,” प्रभुलिंग म्हणाले. “खरी बाई हाय ती.”

*

गणपती उठल्यावर पावसाने दोन दिवस उघडीप दिली. आठ सप्टेंबरला सकाळी महादेवीने रक्षिताच्या बॅगा उपसल्या आणि धुवायचं बाजूला काढलं. त्यात तिकडच्या हिवाळ्याचा कोट निघाला, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, आत कापसासारखं काहीतरी भरलेला. रक्षिता आत फोनवर मुलाखत देत होती. दार लोटलेलं होतं. महादेवीने कोट बादलीत बुचकळला. तो फुगला, पाणी पीत राहिला, आणि उचलायला गेली तर उचलेना.

“अहो,” तिने हाक मारली, “जरा हिकडं या की.”

प्रभुलिंग बाह्या सारून आले. त्यांनी कोटाचे खांदे धरले, तिने खालचा काठ. दोघांनी उलट्या बाजूंनी पीळ द्यायला सुरुवात केली. पाणी धारेने फरशीवर पडलं, तरी वजन कमी होईना. शेजारच्या बायडाबाई कुंपणावरून बघत होत्या.

“रक्षीचा व्हय? लई जड दिसतोय,” त्या म्हणाल्या. “हाय का पोरगी अजून?”

“हाय,” प्रभुलिंग म्हणाले.

त्यांनी पकड बदलली आणि महादेवीला आणखी एक वेढा द्यायची खूण केली. कोट पिळून पिळून दोरासारखा झाला तरी त्यातून पाणी येतच होतं. शेवटी त्यांनी तो तसाच उचलून गच्चीवर नेला, एका दोरीने पेलणार नाही म्हणून दोन दोऱ्यांवर टाकला, आणि त्याच्या बाह्या सरळ केल्या. आतला मुलाखतीचा आवाज वर ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. प्रभुलिंग कोटाच्या खाली उकिडवे बसून राहिले, टपटपणाऱ्या पाण्याखाली परात सरकवत.